व्हर्च्युअलबॉक्स ७.२ वर एक्सपी, आणि मोठेबाबांची भजनं

दिवाळीपासून कापूस वेचणीत सगळे दिवस गेले, त्यामुळे ही नोंद उशिरा टाकतोय. ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: मोठेबाबांनी २००६ च्या आसपास गावच्या भजनी मंडळाची सगळी भजनं जुन्या डीटीपी (छपाईसाठी पानं जुळवायच्या) सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून ठेवली होती. ते सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) लावल्याशिवाय उघडत नाही आणि विंडोज ११ वर चालतच नाही. म्हणून माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं विंडोज एक्सपी बसवलंय. मूळ सीडी आणि परवाना घरचाच आहे.

या आठवड्यात ७.० वरून थेट ७.२ वर आलो. अपडेट करण्याआधी एक्सपी सेव्ह स्टेटमध्ये (चालू अवस्थेतच गोठवून) न ठेवता नीट शटडाउन केलं आणि मशीनचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला. एआरएम (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या) मशीनचे ७.१ मधले सेव्ह स्टेट ७.२ मध्ये उघडत नाहीत. माझं मशीन इंटेलचं आहे, तरी वीस वर्षांच्या टायपिंगवर प्रयोग करायची माझी तयारी नव्हती. तुम्हीही करू नका.

उघडल्याबरोबर बदल दिसतो तो मॅनेजरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य खिडकीत. आधी प्रत्येक मशीनच्या नावाशेजारच्या तीन रेघांच्या मेनूत स्नॅपशॉट, लॉग वगैरे लपलेलं असायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ७.२ ने ते सगळं उजव्या भागाच्या वर टॅबमध्ये मांडलंय, आणि सगळ्या मशीनसाठीची साधनं अगदी डाव्या कडेच्या पट्टीत. मला हे मनापासून आवडलं. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे दर दहा-बारा भजनांमागे मी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेतो. तो टॅब आता कायम समोर असतो. एनव्हीएमई (नव्या वेगवान डिस्क जोडायचा) कंट्रोलरसुद्धा आता मूळ पॅकेजमध्ये आलाय, पण एक्सपीला त्याचा उपयोग नाही. एक्सपीची डिस्क आयडीई या जुन्या जोडणीवरच ठेवा, नाहीतर इन्स्टॉल करताना निळा पडदा येतो.

डोंगलसाठी सेटिंगमध्ये यूएसबी २.० निवडा. एक्सपीकडे ३.० चा ड्रायव्हर नसतो. ७.० पासून या दोन्हींसाठी एक्स्टेन्शन पॅक (वेगळं डाउनलोड करायची पुरवणी) लागत नाही. डोंगल लावून ठेवा, सेटिंगमध्ये त्याच्या नावाचा फिल्टर (म्हणजे डोंगल आपोआप एक्सपीकडे जाईल) जोडा, मग काढून परत लावा. एक्सपीच्या कोपऱ्यात नवीन हार्डवेअर सापडल्याचा फुगा आला की जमलं.

दोन रात्री गेल्या त्या वेगाच्या भानगडीत. एक्सपीत माउससुद्धा ओढत ओढत सरकायचा. शेवटी लक्ष गेलं खिडकीच्या खालच्या पट्टीकडे. तिथे हिरवं कासव होतं! ते दिसलं म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाही, मधे हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा) बसलंय. मी विंडोजमधलं कोअर आयसोलेशनखालचं मेमरी इंटिग्रिटी बंद केलं, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मची खूण काढली, रीस्टार्ट केलं. कासवाच्या जागी चिपचं चिन्ह आलं आणि एक्सपी सरसर चालायला लागलं. पण मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे, आणि दुसऱ्या बदलानंतर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) सुद्धा चालत नाही. म्हणून भजनांचं काम संपलं की दोन्ही परत सुरू करणार आहे. एक्सपीचं नेटवर्क मात्र कायमचं बंद. त्याचे सुरक्षा अपडेट २०१४ मध्येच थांबले.

क्लिपबोर्डवरून मजकूर बाहेर आणला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण जुन्या फॉन्टनी मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवली होती. म्हणून शेअर्ड फोल्डरमधून फाइल बाहेर काढतो, कन्व्हर्टरने युनिकोड (आजच्या सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरपद्धत) करतो आणि मग एकेक ओळ डोळ्यांनी तपासतो. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते. 'सर्व' चा रफार तर दर वेळी पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो.

काल रात्री मोठेबाबा शेजारी येऊन बसले. स्क्रीनवर पहिलं पान उघडलं तसं चष्मा वर करून म्हणाले, "हे त म्याच टाइप केलं होतं बाप्पा! थे दुसऱ्या कडव्यातलं चुकलं हाये पाय, तवाच दुरुस्त करायचं रायलं होतं."

ते कडवं त्यांनी तोंडपाठ सांगितलं, मी युनिकोडमध्ये दुरुस्त केलं. एकूण ६३ पैकी ४१ भजनं झाली. उरलेल्या फाइलींपैकी तीन उघडताना एक्सपीतलं सॉफ्टवेअर बंद पडतंय, त्यांचं पुढच्या नोंदीत.