गॅरेज नोंद ११ : चासी घोडीवरून उतरली

मंडळी, पाच महिन्यांनी माझ्या गाडीची चासी, म्हणजे पाइपांचा सांगाडा, उंच घोड्यांवरून (काम करताना ती ठेवायच्या लाकडी तिवयांवरून) खाली आली. गेल्या वेळच्या फोटोत गाडीपेक्षा घोड्याच लोकांच्या नजरेत भरल्या. किती उंच, लाकूड कोणतं, वजन झेपतं का, असं तिघाचौघांनी विचारलं. म्हणून ही नोंद इंजिनाची कमी आणि घोड्यांची जास्त.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: गाडी मी घरीच जोडतोय, लोटस सेव्हन या छोट्या, हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या घराण्यातली. चासी एक इंची चौकोनी पाइपांची, पाइपाची जाडी १.६ मिमी. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) जुन्या माझदा एमएक्स-फाइव्हमधून काढलेलं. जागा म्हणाल तर इंग्लंडच्या मिडलँड्समधलं एका गाडीचं गॅरेज. चासी आत आली की माणसाने अंग चोरून चालायचं. मूळ सेव्हन १९५७ सालची. तेव्हा सुट्या भागांच्या किटवर पर्चेस टॅक्स लागत नसे, म्हणून लोक गाडी घरी जोडत. तो कर १९७३ मध्ये गेला, खोड मात्र राहिली.

घोड्या दोन, ४ बाय २ इंची लाकडाच्या, उंची ७० सेंमी. पाय बाहेर फाकवलेले आणि खाली आडव्या पट्टीने बांधलेले. वरची तुळई पायांच्या माथ्यावर टेकते, नुसती स्क्रूवर लटकत नाही. स्क्रूने फक्त जागेवर धरायचं, भार लाकडाने लाकडावर द्यायचा. वर जुन्या कार्पेटची पट्टी, चासी सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना गुटके, आणि चासी घोडीला रॅचेट पट्ट्याने बांधलेली. ब्रेकचे पाइप आणि पत्र्याचे शेकडो रिव्हेट मी उभ्याने मारले ते या उंचीमुळे. कंबर अजून शाबूत आहे.

घोडी कुठे लावायची हे जास्त महत्त्वाचं. जिथे तीन-चार पाइप एकत्र येतात तिथेच. दोन सांध्यांच्या मधोमध लावली तर एवढ्या पातळ पाइपाला पोचा यायला वेळ लागत नाही, आणि तळाच्या ॲल्युमिनियम पत्र्याखाली लावली तर विचारूच नका. तळ एकदा रिव्हेट झाला की पाइप खालून कळत नाहीत, म्हणून मी आधीच मास्किंग टेपने टेकूच्या जागा आखून ठेवल्या.

आता चासीला येणारा पीळ. माझ्या गॅरेजची जमीन पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतरती आहे, अडीच मीटरमध्ये जवळजवळ ३० मिमी. नुसता उतार असता तर पुढच्या घोडीखाली फळी सरकवून काम भागलं असतं, पण एक कोपरा जास्तच खाली आहे. चार टेकूंवर चासी ठेवली की ती डुगडुगत्या स्टुलासारखी वागत नाही. ती हलकेच पिळते आणि चारही ठिकाणी टेकते, आपल्याला वाटतं छान बसली. कर्ण मोजून हे पकडता येत नाही, कारण चासी पिळली तरी दोन्ही कर्ण सारखेच भरतात. मी करतो ते असं: मागे दोन टेकू, पुढे मधोमध एकच. तीन टेकूंवर चासी आपल्या मूळ आकारात बसते. पाणसळ आडवी-उभी लावून पातळी जुळवायची. मग पुढचे दोन कोपऱ्यांचे टेकू वर आणायचे, खाली प्लायच्या पातळ चकत्या घालत, कागदाचा कपटा दोन्हीकडे सारखाच अडकेपर्यंत. मग मधला काढायचा. तीन टेकूंवर फक्त माप, काम कधीच नाही; पुढून एकाच बिंदूवर असलेली चासी कोपराच्या धक्क्यानेही कलते. फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या मुलांच्या रेसगाडी बनवण्याच्या स्पर्धेसाठी चासी जोडणाऱ्यांनाही हे जसंच्या तसं लागू आहे.

आता माझा गाढवपणा. उघडी चासी दोघांनी सहज उचलावी इतकी हलकी, त्यामुळे तिची भीती वाटत नाही. तिसऱ्या महिन्यात बाजूचा पत्रा लावताना आड येत होता म्हणून मी एक गुटका काढला, पट्टाही सोडला, आणि दोन्ही परत लावायचे राहिले. दोन दिवसांनी डिफरन्शियलचा बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने स्वतःकडे ओढला. बोल्ट हलला नाही, चासी हलली. मागची घोडी दोन पायांवर उठली आणि चासीची शेपटी माझ्या मांडीवर आली. मांडीवर निळा डाग आणि नव्या पत्र्यावर अंड्याएवढा पोचा. तो पोचा मी तसाच ठेवणार आहे. हलक्या चासीवर वरून येणारं वजन त्रास देत नाही, आडवी ओढ देते. तेव्हापासून जोराचे बोल्ट उंचावर आवळत नाही. मागच्या हबचा (चाक बसतं त्या मधल्या भागाचा) नट तर चाकं जमिनीवर आल्यावरच.

चासी खाली का आणली? इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच आत जातात, दीडशे किलोच्या वर. इंजिन उचलायच्या चाकांवरच्या क्रेनचे पाय पुढून चासीखाली शिरायला हवेत, आणि घोडीची खालची पट्टी नेमकी तिथेच आडवी. शिवाय क्रेनचा हात जितका लांब करावा तितकी तिची ताकद घटते. माझ्या भाड्याच्या क्रेनवर पहिल्या भोकाला १ टन, शेवटच्याला २५० किलो लिहिलंय. चासी खाली असली की इंजिन कमी उचलावं लागतं. म्हणून आता चार एक्सल स्टँड (उंची खाचांनी बदलणारे लोखंडी टेकू), सगळ्यात खालच्या खाचेपेक्षा एक खाच वर, माथ्यावर रबर. पुढचे दोन क्रेनच्या पायांच्या बाहेर, पण सांध्याखालीच. हे जुळवायला अख्खा रविवार गेला.

नाशिकला काकांची फियाट पावसाळाभर विटांवर उभी असायची आणि काका तिच्याखाली झोपून बिडी ओढायचे. काका, माफ करा, पण नाही. वीट किंवा सिपोरेक्ससारखा हलका ठोकळा आधी सूचना न देता फुटतो. जॅक उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली शिरण्याआधी मी चासी दोन्ही बाजूंनी चांगली हलवून बघतो आणि दोन चाकं आडवी करून चासीखाली सरकवतो, स्टँड घसरलाच तर माझ्याआधी चाकावर पडेल. आणि घरात कोणीतरी असल्याशिवाय खाली जात नाही, हा बायकोचा नियम.

सस्पेन्शनचे रबर बुश (बोल्टाभोवतीची रबरी नळी) असलेले बोल्ट अजून सैलच आहेत. गाडी लटकलेली असताना ते आवळले की रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं आणि चाकावर वजन आलं की कायमचं पिळलेलं राहतं.

शनिवारी इंजिन. उंच घोड्यांपैकी एक शेजारी घेऊन गेलाय, तिच्यावर टोमॅटोची रोपं ठेवायला. दुसरी मी लपवून ठेवली आहे.