रूट आहे, टायमिंग नाही

आईच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यावर कधीकाळी राजवाडा आणि घोडागाडी होती. आता घोड्याचे मागचे दोन पाय तेवढे शिल्लक आहेत. झाकण एका बाजूने चेमटलंय. ते बसवायचं तर तळहाताने दोन थापा द्याव्या लागतात. नगरच्या आमच्या घरात ३१ डिसेंबरच्या रात्री त्या दोन थापा ऐकू आल्या की समजायचं, वर्ष संपलं.

डब्यात वचनं आहेत. देवाची. आईने वर्षानुवर्षं जुन्या कॅलेंडरांवरची रोजची वचनं कात्रीने कापून, सुरळ्या करून त्यात भरली आहेत. वर्षाखेरची उपासना आटोपून मंडळी चर्चमधून घरी यायची, थंडीने काकडलेली. चहा व्हायचा, नाताळच्या उरलेल्या करंज्या निघायच्या आणि मग डबा फिरायचा. आधी दादा, म्हणजे आमचे वडील, मग आई, मग आम्ही भावंडं. ज्याच्या हाताला जी सुरळी लागेल ते त्याचं वर्षाचं वचन. ते मोठ्याने वाचायचं आणि आपापल्या बायबलमध्ये ठेवायचं. वाईट वचन कुणालाच यायचं नाही, कारण कॅलेंडरवाले शाप छापत नाहीत. शास्त्रात तेही भरपूर आहेत.

आमच्या एका पाळकसाहेबांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. "पोपटवाल्याच्या चिठ्ठीत आणि यात फरक काय, बाई?" असं त्यांनी आईला भर प्रार्थना सभेत विचारलं होतं. आई गप्प बसली, पण डबा बंद झाला नाही. पुढे कधीतरी मला कळलं की जर्मनीतल्या हर्नहुट गावात १७२८ पासून दर दिवसाला एक वचन द्यायची रीत आहे, १७३१ पासून त्याचं पुस्तक निघतं आणि त्यातली बायबलच्या जुन्या करारातली वचनं आजही चिठ्ठ्या काढूनच ठरतात. मी हे मोठ्या विजयाने आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचं झाकण नीट बसत असेल."

दादा एसटीत कंडक्टर होते. पुणे-नगर मार्गावर त्यांची बरीच वर्षं गेली आणि त्याचा त्यांना जरा गर्वच होता, कारण एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला याच रस्त्यावर धावली. ते आपली चिठ्ठी बायबलमध्ये ठेवत नसत. खाकी शर्टाच्या खिशात, सुट्ट्या पैशांबरोबर. डिसेंबरपर्यंत तिचा पार लगदा व्हायचा. शाळेत असताना मला एकदा वचन आलं होतं की देव तुझ्या मनोरथांप्रमाणे तुला देईल, आणि मी त्याचा अर्थ सायकल असा लावला होता. जून आला तरी सायकल येईना. मी दादांकडे तक्रार केली. त्यांनी चौकशी खिडकीतल्या माणसाच्या थंडपणाने सांगितलं, "वचनाला रूट आहे, टायमिंग नाही."

हे वाक्य नंतर त्यांच्याच गळ्यात पडलं.

२०१५च्या पावसाळ्यात दादांच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. जाताना वजन, येताना वजन. डाव्या मनगटाच्या वर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी दोन रक्तवाहिन्यांची जोडणी, केला होता. तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी सतत घरघरत असायचं. दादा नातवंडांना हात लावायला द्यायचे आणि सांगायचे, "बघ, इंजिन चालू आहे." सगळ्यात कठीण होतं ते पाणी. दिवसाला एक लिटर. त्यातच चहा, आमटी आणि गोळ्यांबरोबरचे घोटही आले. स्टँडवरच्या माठाखाली ओंजळ धरून घटाघटा पाणी पिणारा हा माणूस स्टीलच्या मापाने घोट मोजू लागला.

त्या ३१ डिसेंबरला दादांनी सुरळी उलगडली. चष्मा वर केला, खाली केला. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पंचावन्नावा अध्याय, पहिलं वचन. तहानलेल्यांनो, पाण्याकडे या, असं बोलावणारं. आम्हा कुणालाच काय बोलावं कळेना. दादांनी चिठ्ठी आईपुढे धरली. "घे. डॉक्टरांची सही आणतेस का यावर?" आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्यावर द्यायला पाण्याचा हिशेब उरला नव्हता. शेवटी आईने एक लिंबाची फोड त्यांच्या जिभेवर ठेवली. तहान मारायची ही युक्ती तिला डायलिसिसच्या सिस्टरने सांगितली होती.

आजारी माणसाच्या घरी वचनं फार येतात. फळांपेक्षा जास्त. चर्चच्या मंडळीतले लोक यायचे, सलाम करायचे, डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि उठताना एखादं वचन हातात ठेवून जायचे. बरीच माणसं मायेची होती. काहींना मात्र वचन म्हणजे पॅरासिटामॉल वाटायचं. घेतलं की दोन तासांत ताप उतरला पाहिजे. एकाने खात्रीने सांगितलं की ईस्टरपर्यंत मशीन सुटेल. ईस्टर आला, मशीन सुटलं नाही. मग तोच गृहस्थ हळूच आईला म्हणाला की घरात विश्वास कुठेतरी कमी पडत असावा. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. करायला हवं, तसं वचनही आहे.

सगळ्यात जास्त मिळालेलं वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे आमच्याकडे भिंतीवर होतं, कपावर होतं, व्हॉट्सॲपवर तर रोज सूर्योदयासकट यायचं. एकदा डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या मी तो अख्खा अध्याय वाचला. चार तास असतात, माणूस काहीही वाचतो. तेव्हा लक्षात आलं की ही एक चिठ्ठी आहे. खरीखुरी, पाठवलेली. यरुशलेमेतून बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, नबुखद्नेस्सर राजाने धरून नेलेल्या यहुदी लोकांना. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: घरी कधी जायचं? हनन्या नावाच्या एका संदेष्ट्याने आदल्याच अध्यायात छातीठोक सांगून टाकलं होतं, दोन वर्षांत. आणि यिर्मया चिठ्ठीत लिहितो, सत्तर वर्षं. हे दहाव्या वचनात आहे. अकरावं त्याच्या लगेच खाली. आम्ही भिंतीवर लावताना वरची ओळ कापून टाकली होती.

म्हणजे ज्यांनी ती चिठ्ठी ऐकली त्यांतल्या बहुतेकांना परतीची गाडी मिळणारच नव्हती. मग त्यांना तिचा काय दिलासा? मी वर सरकले. पाचव्या वचनात लिहिलंय की घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांचं फळ खा. मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेऊन टाकलंय, त्याचं बरं व्हावं म्हणून प्रार्थना करा. रडू नका, असं तिथे कुठे नाही. उद्या सुटाल, असंही नाही. परक्या मातीत आळं करून रोप लावा, एवढं आहे.

मी घरी येऊन हे आईला वाचून दाखवलं. वाटलं होतं, तिचा चेहरा पडेल. तिने विचारलं, "नर्सरी किती वाजता बंद होते?"

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात, धुणं धुवायच्या दगडाच्या पलीकडे, कागदी लिंबाचं कलम लागलं. रोज फोडी लागतात तर विकत किती आणायच्या, असं तिचं कारण. दादा खाटेवरून बघत होते. "लिंबं कधी येतील?" "तीनेक वर्षांनी, म्हणाला तो." दादांनी मनातल्या मनात काही हिशेब केला असावा. मग म्हणाले, "लाव. रूट चांगला आहे."

आईचं हे वळण कुठून आलं, याचा मला अंदाज आहे. तिची आजी केडगावला वाढली. नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. १९००च्या दुष्काळात कुणीतरी तिला तिथे आणून सोडलं, एवढंच तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं. रमाबाईंनी स्वतः आई, वडील आणि बहीण दुष्काळात गमावले होते. केडगावची जमीन त्यांनी घेतली ती फळबागेसाठी, शाळेच्या खर्चाला आधार व्हावा म्हणून; बाग धरते न धरते तोवर १८९७च्या दुष्काळातल्या मुली तिथे आल्या. पुढे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत उतरवायला बसल्या. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल छापून पुरं झालं १९२४मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात. आईची आजी तिथे पानं जुळवायची. तिला म्हणे स्तोत्रसंहितेची पानं हाताला वजनावरून ओळखू यायची. हे मी खरं धरत नाही, पण आईसमोर तसं म्हणत नाही.

आमच्या शेजारी एक विमा एजंट काका राहायचे. ते दादांशी गप्पा मारायला संध्याकाळी यायचे आणि त्यांची बॅग खाटेवर टेकलेली असायची. त्यातल्या कागदांवर दोन हात, मधे ज्योत आणि खाली "योगक्षेमं वहाम्यहम्". दादांनी एकदा अर्थ विचारला. काकांनी सांगितलं, गीतेचा नववा अध्याय, बाविसावा श्लोक. अनन्यभावाने भजणाऱ्याचं जे नाही ते मिळवून द्यायचं आणि जे आहे ते सांभाळायचं, हे ओझं मी वाहतो, असं श्रीकृष्ण सांगतो. दादा बराच वेळ ते चित्र बघत राहिले. "वचन देवाचं," ते म्हणाले, "आणि हप्ता आम्ही भरायचा?" दोघं हसले. नंतर मात्र दादांनी मला तो श्लोक वहीच्या कागदावर लिहून मागितला आणि खिशातल्या आपल्या चिठ्ठीशेजारी ठेवला. आईने पाहिलं, काही बोलली नाही. धुताना दोन्ही काढून ठेवायची.

यशयाचं आणखी एक वचन दादांना आवडायचं. तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. "बघ, 'तेव्हा' लिहिलंय," ते बोट ठेवून दाखवायचे. "'जर' नाही लिहिलं. पाणी लागणार हे धरूनच चाललाय तो." कंडक्टरला असे शब्द बरोबर दिसतात, आयुष्यभर लोकांना 'गाडी लागेल' आणि 'गाडी लागली' यातला फरक समजावण्यात गेलं. या एका 'तेव्हा'वर त्यांनी साडेतीन वर्षं काढली. मशीनवर जायची भीती गेली असं नाही. सुई टोचताना ते दर वेळी माझा हात आवळायचे. शेवटच्या दिवशीही आवळला.

२०१९च्या फेब्रुवारीत दादा गेले. लिंबाला त्या वर्षी फूल नव्हतं. पावसाळ्यानंतर आलं, आणि मग एकदम इतकी लिंबं धरली की आई पिशव्या भरभरून वाटत सुटली. एक पिशवी डायलिसिसच्या खोलीत सिस्टरकडे गेली.

डबा अजून फिरतो. गेल्या ३१ डिसेंबरला आईने सवयीने आधी दादांची म्हणून सुरळी काढली आणि हात तसाच थांबला. आम्ही सगळे तिच्या बोटांकडे बघत होतो. माझ्या मुलीने विचारलं, "आजी, उघड ना, आजोबांना काय आलंय?"

"त्यांना आता चिठ्ठी कशाला," आई म्हणाली. न उघडताच ती तिने परत आत टाकली, डबा हलवला आणि मुलीपुढे धरला. सगळ्यांची वचनं वाचून झाल्यावर झाकण लावलं. दोन थापांत बसलं नाही. तिसरी द्यावी लागली.