चिऊच्या कांजिण्या आणि भलतीकडेच चाललेली आमची काळजी

फेब्रुवारीत आमच्या चिऊला कांजिण्या झाल्या. अंघोळ घालताना पोटावर एक लालसर पुटकुळी दिसली, मला वाटलं डास चावला असेल, संध्याकाळी पाठीवर अजून तीन-चार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठवायला गेले तर डोक्यात केसांच्या मुळाशी, मानेवर, पोटावर सगळीकडे उठलेल्या. प्रत्येकीत स्वच्छ पाणी, लाल कातडीवर दवाचा थेंब ठेवल्यासारखं. अंग तापलेलं.

सासूबाईंनी बघितलं आणि हात जोडले. "आई आल्यात गं, आता घरात फोडणी देऊ नकोस." झालं, दाराला कडुलिंबाचा डहाळा, गादीवर पाला, अंघोळ बंद, केस विंचरणं बंद, जेवणात तेल-तिखट नाही. मी त्यांना नावं ठेवत नाहीये. त्यांच्या लहानपणी खऱ्या देवी (स्मॉलपॉक्स) होत्या, गावात माणसं मरायची, त्यांच्या दंडावर देवी काढल्याचा वण अजून आहे. भारतातली देवीची शेवटची केस १९७५ची, म्हणजे ती भीती फार जुनी नाही. पण देवी आणि कांजिण्या हे दोन अगदी वेगळे विषाणू, आणि पथ्यं मात्र तीच राहिली.

आता हेच बघा, "खपल्या पडायला लागल्या की जास्त पसरतं" असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. देवीच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य होतं, खपलीतही विषाणू असायचा आणि शेवटची खपली पडेपर्यंत पसरू शकायचं. कांजिण्यांमध्ये उलट आहे, सगळ्या फोडांवर खपली धरली आणि नवीन फोड यायचे थांबले की पसरणं संपलं, साधारण पाच ते सात दिवसात. आणि सुरुवात होते अंगावर काही दिसायच्या एक-दोन दिवस आधीच! फोडातल्या पाण्यातून पसरतंच, पण हवेतूनही पसरतं, त्यामुळे पूर्वी न झालेलं, लस न घेतलेलं माणूस त्याच घरात असेल तर दहातल्या नऊ जणांना होतं.

ते आधीचे दोन दिवस आठवले आणि माझ्या पोटात गोळाच आला. आदल्याच दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू होतं आणि धाकटी जाऊ तासभर चिऊला मांडीवर घेऊन बसली होती, तिची वेणी घालून दिली, तिच्या हातचा तिळगूळ खाल्ला. जावेला चौथा महिना.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, घरात कोणी गरोदर आहे का, आणि तिला लहानपणी झाल्या होत्या का? घरात सकाळपासून अंघोळ घालायची की नाही यावर चर्चा चालली होती आणि हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. गरोदर बाईला झाल्या तर न्यूमोनियाचा धोका असतो, पहिल्या वीस आठवड्यांत बाळालाही थोडा का होईना पण धोका असतो, आणि बाळंतपणाच्या आसपास झाल्या तर नवजात बाळासाठी फारच वाईट. जावेच्या आईला गावी फोन केला, त्यांना आठवेना. मग तिची रक्ततपासणी केली. रिपोर्ट येईपर्यंत ती रात्र कशी काढली आम्हालाच माहीत. शरीरात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) निघाली, म्हणजे कधीतरी होऊन गेल्या होत्या. नसती निघाली तर संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत वेगळं इंजेक्शन द्यावं लागलं असतं, कारण गरोदरपणात कांजिण्यांची लस देता येत नाही.

नवऱ्याचं मात्र चुकलं नाही. बरोब्बर पंधराव्या दिवशी त्याला ताप भरला. (दहा ते एकवीस दिवस कधीही होऊ शकतं, म्हणून चार दिवस काही झालं नाही म्हणजे सुटलो असं समजू नका.) मोठ्या माणसाला जास्त जोरात होतात हे डोळ्यांनी बघितलं, घशात फोड, पाणी गिळवेना. "औषध दिलं की आतल्या आत दबतात, बाहेर पडू द्यावं" हे ऐकून तो थांबणार होता, पण विषाणूविरोधी गोळ्या अंगावर उठल्यापासून पहिल्या चोवीस तासांत सुरू केल्या तरच नीट उपयोग होतो, म्हणून मी जबरदस्तीने त्याला घेऊन गेले. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही, त्याने मेंदू आणि लिव्हरवर परिणाम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही नको.

अंघोळीचं म्हणाल तर रोज कोमट पाण्याने घातली, न घासता, आणि टॉवेलने नुसतं टिपलं. खाज कमी झाली. घाम आणि मळ तसाच राहिला आणि त्यात खाजवलं की फोड पिकतात, वण राहतात ते त्यानेच, त्यामुळे नखं मात्र आठवणीने कापा. पाला डोक्याशी ठेवला, अंगावर घासू दिला नाही. फोडणीचा आणि कांजिण्यांचा काही संबंध नाही, पण चिऊच्या तोंडातही फोड होते, म्हणून मऊ गार दहीभात तिला गेला, नुसता आळणी भात ती थुंकत होती.

अजून एक, नागीण होते तीही याच विषाणूमुळे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो नसांमध्ये झोपून राहतो आणि कित्येक वर्षांनी नागीण होऊन उठतो. तोंडाला शेपूट लागली की माणूस जातो म्हणतात ते खोटं, ती एका नसेच्या पट्ट्यात, बहुतेक वेळा एकाच बाजूला राहते. पण नागिणीच्या फोडांतून दुसऱ्याला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून फोड झाकून ठेवायचे.

लस दोन डोसची आहे, पहिला साधारण पंधराव्या महिन्यात. सरकारी मोफत लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते, आणि आमचं ते राहूनच गेलं याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्याच दिवशी मी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, चिऊला कांजिण्या आहेत, ती शुक्रवारपर्यंत शाळेत होती. परीक्षा जवळ आल्यामुळे लोक असं सांगायचं टाळतात. दहा मिनिटांत एका आईचा फोन आला. तिचा मुलगा किडनीच्या आजारासाठी स्टिरॉइडवर आहे (त्याने प्रतिकारशक्ती कमी होते), चिऊच्याच बाकावर बसतो. त्याच संध्याकाळी ती त्याला त्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.