रान उठवणारा शब्द

हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही नाशिकहून निफाडमार्गे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याकडे जाताना आमच्या वाटाड्या तरुणाने हलक्या आवाजात बजावले, "मावशी, जोरात बोलू नका, पक्षी फ्लश होतील." माझ्या मावशीला फ्लश माहीत आहे तो साखळी ओढल्यावर होणारा. तिने तितक्याच हलक्या आवाजात विचारले, "आणि मग कुठं वाहून जातील रे?"

हसू आले खरे, पण इंग्रजीत हे क्रियापद पाण्याच्या आधी पक्ष्याचे आहे. दडून बसलेला पक्षी एकाएकी भर्रकन उडणे हा त्याचा जुना अर्थ. पाण्याचा लोट सोडण्याचा अर्थ 16व्या शतकातला, म्हणजे बराच नंतरचा. त्याला 'आउट' हे शेपूट जोडले, की दडलेल्याला आडोशातून बाहेर काढणे होते. तिकडच्या शिकारीत हे काम कुत्र्याचे. पॉइंटर जातीचा कुत्रा सावजाचा वास लागताच पुढचा पाय उचलून जागीच थिजतो, तर स्प्रिंगर स्पॅनियल सरळ झुडपात घुसून पक्षी उठवतो आणि मगच छऱ्यांची बंदूक चालते. स्प्रिंगर हे नावही या उठवण्यावरूनच पडले.

'उठवणे' हा आपला शब्द तर मला अधिक नेमका वाटतो. गवतातून चालताना लावा पायाखाली येईपर्यंत हलत नाही. मग पंखांचा असा फर्रकन आवाज करत उठतो, की दचकतो आपणच, आणि भानावर येईपर्यंत तो थोड्या अंतरावर पुन्हा गवतात गडप झालेला असतो. हाक्याच्या शिकारीत डबे बडवत, आरोळ्या देत हाकेकरी जनावरे उठवत पुढे सरकत. कोणाविरुद्ध रान उठवले, असे वाचले की माझ्या डोळ्यांपुढे तरी हाकाच उभा राहतो. आणि त्या 'आउट'चे म्हणाल, तर ते काम आपल्याकडे दुसरे क्रियापद करते: फ्रिजमागे दडलेल्या मांजराला मावशी हुसकून काढते, दारातल्या कुत्र्याला हुसकावून लावते. यातल्या 'काढणे' आणि 'लावणे' यांचा फरक कोणत्याही मराठी मुलाला न शिकवता कळतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक गेली, शब्द मात्र राहिला, आणि गंमत अशी की तो उलटा झाला. शिकाऱ्याचे जे कसब, ती पक्षीनिरीक्षकाची चूक. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्याने अडवलेल्या या पाण्याला 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला. तिथे आम्ही चोरपावलांनी मनोरा चढलो, मावशीने तर बांगड्याही हाताने दाबून धरल्या होत्या. समोर हळदी-कुंकू बदके निवांत तरंगत होती. इतक्यात पाणगवतावरून अगदी खालून एक दलदल ससाणा तरंगत आला आणि सगळा थवा एकदम पाणी सोडून आभाळात गेला.

बांगड्या सोडून देत मावशी म्हणाली, "उठवलंन मेल्यानं!"