पाचगणीच्या उंचीवर जॅमचं तापमान

बारावीच्या अन्नशास्त्र व तंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत जॅम हमखास असतो. प्रयोगवहीत त्याच्यासमोर तीन आकडे अपेक्षित असतात: शेवटचं तापमान, एकूण विद्राव्य घन पदार्थ म्हणजे टीएसएस, आणि तयार मालाचं वजन. हे तिन्ही एकमेकांना बांधलेले असतात. एक जरी खोटा असला तरी बाकीचे दोन त्याला उघडं पाडतात. त्या दिवशी टेबलावर नेमकं तेच झालं.

केंद्र सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या बाजूला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर. मंडळाकडून मी बहिःस्थ परीक्षक. फेब्रुवारी म्हणजे तिथे स्ट्रॉबेरीचा भर, त्यामुळे सगळ्यांचा जॅम स्ट्रॉबेरीचा. प्रमाण सर्वांना एकच दिलेलं: गर ५०० ग्रॅम, साखर ५०० ग्रॅम, पेक्टिन (जॅम घट्ट बसवणारा फळातला घटक) ५ ग्रॅम, सायट्रिक आम्ल २.५ ग्रॅम. स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळातच कमी, म्हणून ते बाहेरून घालावं लागतं. आणि आधी दहापट कोरड्या साखरेत मिसळूनच, नाहीतर गरात त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत.

वह्या चाळताना बहुतेकांचं तापमान १०५ अंश सेल्सिअस, टीएसएस ६८, वजन ८०० ग्रॅमच्या आसपास. एका मुलीच्या वहीत मात्र पेन्सिलीने १००.५ लिहिलेलं होतं. त्यावर लाल शाईची काट आणि बाजूला १०५. समासात बारीक अक्षरात तिने एक ओळ लिहिली होती: ‘पाणी ९५.५ ला उकळले.’

त्या एका ओळीत तिने प्रयोगाचं सगळं मर्म पकडलं होतं. पुस्तकातला १०५ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. तिथे पाणी १०० अंशाला उकळतं आणि साखरेचं प्रमाण ६५ ते ६८ टक्क्यांवर गेलं की उत्कलनबिंदू साडेचार-पाच अंशांनी चढतो. म्हणून १०५. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आणि ढोबळमानाने दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. १,३०० मीटरवर पाणी पंचाण्णव-शहाण्णवच्या दरम्यान उकळणार, म्हणजे जॅम १००-१०१ ला तयार होणार. पुण्याला हा फरक दोनच अंशांचा असतो, तो सहज दुर्लक्षिला जातो. इथे तो साडेचार अंशांचा आहे, आणि साडेचार अंशांत जॅम बिघडतो.

शंकेचा फायदा बाकीच्यांनाही द्यायला हवा होता. थर्मामीटरचा फुगा पातेल्याच्या तळाला टेकला तर तो तळाची उष्णता दाखवतो, आणि आकडा प्रामाणिकपणे चढा येऊ शकतो. म्हणून वजन तपासलं. हिशोब साधा आहे. गराचा टीएसएस ८ धरला तर ५०० ग्रॅममध्ये घन पदार्थ ४० ग्रॅम. त्यात साखर ५००, पेक्टिन ५ आणि आम्ल २.५ मिळवले की ५४७.५ ग्रॅम. हे उकळताना कुठेही जात नाहीत, जातं ते फक्त पाणी. ६८ टक्क्यांवर थांबलं तर माल ५४७.५ भागिले ०.६८, म्हणजे सुमारे ८०५ ग्रॅम. पातेल्याला आणि पळीला लागलेलं वजा जाता पावणेआठशे ते आठशे. त्या उंचीवर खरोखर १०५ पर्यंत आटवलं तर टीएसएस ७७-७८ पर्यंत जातो आणि हातात सुमारे ७०० ग्रॅमच उरतात. १०५ अंश आणि ८०० ग्रॅम तिथे एकत्र नांदूच शकत नाहीत.

मग बाटल्या उघडल्या. ५८ ते ९२ ब्रिक्सचा हँड रिफ्रॅक्टोमीटर होता, म्हणजे थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून टीएसएस टक्क्यांत दाखवणारं हातातलं उपकरण. नमुना खोलीच्या तापमानाला आणून, बिया अडकू नयेत म्हणून मलमलीतून पिळून, दोन थेंब. (गरम थेंब ठेवला की वाचन कमी येतं, मुलं घाईत हीच चूक करतात आणि मग जॅम उगाच आणखी आटवतात.) १०५ लिहिलेल्या बहुतेक बाटल्या ६६ ते ६८ च्या दरम्यान निघाल्या. माल उत्तम होता, रंग छान लाल. म्हणजे मुलांनी पळीवरून पापुद्रा पडतो का (जॅम थेंब थेंब न गळता पातळ पडद्यासारखा सुटतो का) ते बघून, अगदी योग्य वेळी गॅस बंद केला होता आणि तापमानाचा आकडा पुस्तकातून उतरवला होता.

एक बाटली वेगळी होती. तपकिरीकडे झुकलेली, चमच्याला न सुटणारी, तळाशी साखरेचे खडे. वहीत १०५ अंश आणि वजन ६९० ग्रॅम. बाटली गरम पाण्यात ठेवून खडे विरघळवले आणि नमुना कोमट असतानाच वाचला, तर ७७. या मुलाने पुस्तकावर अक्षरशः विश्वास ठेवला होता. पापुद्रा पडत असूनही तो १०५ ची वाट बघत बसला. तेवढ्या वेळात स्ट्रॉबेरीचा लाल रंग उतरतो, पेक्टिनची ताकद जाते, आणि थंड झाल्यावर पाण्यात मावेना इतकी साखर खडे होऊन बाहेर पडते. पण त्याचे तिन्ही आकडे खरे होते.

अंतर्गत परीक्षक मॅडमना मी समासातली ओळ दाखवली. त्या म्हणाल्या, “पुस्तकात १०५ आहे ना, म्हणून दुरुस्त करून दिलं. मंडळाच्या परीक्षेत मुलीचं नुकसान नको.” काळजी खरीच होती. परीक्षक पुस्तकाचा आकडा शोधतात आणि वेगळा दिसला की गुण कापतात, हा अनुभव त्यांना असणार. वाद घालण्यापेक्षा त्याच थर्मामीटरने बीकरमध्ये पाणी उकळून बघितलं. फुगा मधोमध, तळाला न टेकवता. पारा ९५.५ वर थांबला. जॅमच्या दिवशी त्याच थर्मामीटरने आधी पाणी उकळून बघायचं आणि त्यात पाच अंश मिळवायचे. यात उंचीही धरली जाते आणि थर्मामीटरची स्वतःची चूकही. मॅडमनी ते लगेच प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहिलं.

तोंडी परीक्षेत त्या मुलीला विचारलं, “पाणी का उकळून बघितलंस?”

“मॅडम, पापुद्रा पडत होता आणि आकडा पुढं जात नव्हता. म्हटलं थर्मामीटर बिघडलाय का बघू.”

“मग १०५ पर्यंत का नाही थांबलीस?”

“रंग काळा पडायला लागला असता.”

निरीक्षणाचे पूर्ण गुण तिला. निरीक्षणाचे पूर्ण गुण खडे झालेल्या बाटलीवाल्या मुलालाही. त्याचे गुण गेले ते मालाच्या दर्जात आणि निष्कर्षात, कारण खडे दिसत असूनही त्याने ‘जॅम चांगला झाला’ असं लिहिलं होतं. बाकीच्यांना मालाचे गुण पूर्ण, निरीक्षणाचे कापले. तिथे दया दाखवली असती तर त्या दोघांवर अन्याय झाला असता.

प्रकल्पांच्या फायली त्यामानाने लवकर झाल्या. चवचाचणीच्या तक्त्यात नऊ गुणांच्या मापावर दहाही जणांनी आठच गुण दिले असतील तर चव कोणी घेतलीच नाही असं धरावं. लेबलवर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक दुकानातल्या बाटलीवरून उतरवलेला सापडतो. शाळेच्या नमुन्यावर ती जागा रिकामी ठेवायला सांगावं. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत जॅमला किमान ६५ टक्के टीएसएस लागतो, स्ट्रॉबेरीत फळ किमान २५ टक्के पुरतं. हे दोन आकडे मुलांना पाठ होते. एका फायलीत परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारा पदार्थ, म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लिहिलेलं होतं. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड स्ट्रॉबेरीचा लाल रंग फिका करतो. बाटलीतला जॅम तर लालभडक होता. विचारल्यावर मुलाने सांगितलं की ते घातलं नव्हतं, स्क्वॉशच्या प्रयोगातून उतरलं. मंडळाच्या गुणपत्रकावर सही करण्याआधी त्या फाइलचेही निरीक्षणाचे गुण कमी केले.