सोटोसाठी पाच पोरं द्यावीत का?

बेसबॉलपटू हुआन सोटोला त्याच्या संघाने, वॉशिंग्टन नॅशनल्सने, १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर देऊ केले आणि त्याने नाही म्हटलं, ही बातमी जुलै २०२२ मध्ये फुटली. त्यानंतर सॅन डिएगोत आमच्या ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता. सोटो तेव्हा २३ वर्षांचा होता. २०१९ ची वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकून बसलेला, २०२० मध्ये ०.३५१ च्या सरासरीने नॅशनल लीगचा बॅटिंगचा किताब घेतलेला. बातमीनंतर दोनच दिवसांनी त्याने होम रन डर्बी, म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे मारण्याची स्पर्धाही जिंकली. वॉशिंग्टन त्याला सोडणार हे दिसत होतं, आणि आमच्या सॅन डिएगो पॅड्रेसचे, खेळाडूंचे सौदे ठरवणारे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर त्याच्या मागे लागणार हेही.

'आमचे' पॅड्रेस असं मी मनापासून म्हणते. २०१७ मध्ये इथला फुटबॉलचा संघ लॉस एंजेलिसला निघून गेला, तेव्हापासून अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांपैकी या शहराकडे एकच संघ उरला आहे. १९६९ पासून खेळतोय, १९८४ आणि १९९८ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत जाऊन हरला, चषक एकदाही आलेला नाही. इथल्या जुन्या लोकांच्या मनात ते किती खोल आहे, हे त्यांच्या शेजारी बसून सामने बघितल्याशिवाय कळत नाही.

आम्ही चौघं मिळून दोन सीटांचं सीझन तिकीट घेतो. वाद इतका रंगला की शेवटी ठरलं, रीतसर सौदाच करून बघू. दोघांनी सॅन डिएगो व्हायचं, दोघांनी वॉशिंग्टन. माझं रोजचं काम खर्चाचे अंदाज बांधण्याचं, म्हणून मला विकणाऱ्याच्या बाजूला बसवलं. माझ्या मनाला सोटो हवा होता, आणि माझं काम मात्र त्याची जास्तीत जास्त किंमत वसूल करायचं. त्यातूनच मला हा सगळा व्यवहार आतून समजला.

त्याच सुमारास नाशिकहून मामाचा फोन आला होता. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "अगं, एवढा पैसा आहे ना तुमच्या मालकाकडे? मग रोख मोजा आणि घेऊन या." आयपीएल बघणाऱ्या माणसाला हेच सुचणार. पण बेसबॉलमध्ये तो रस्ता जवळजवळ बंद आहे. १९७६ मध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी तीन मोठे खेळाडू रोखीने विकायला काढले. जो रूडी आणि रॉली फिंगर्स दहा-दहा लाख डॉलरला बॉस्टनला, व्हायडा ब्लू पंधरा लाखांना न्यूयॉर्क यँकीजला. कमिशनर बोवी कून यांनी खेळाच्या हिताचं कारण देऊन तो व्यवहार रद्द केला. तेव्हापासून मोठा खेळाडू नुसत्या पैशावर हलत नाही, माणसाच्या बदल्यात माणूस द्यावा लागतो. मामा म्हणाला, "म्हणजे पगारही द्यायचा आणि वर पोरंही द्यायची?" प्रश्न अगदी बरोबर होता. आमची सगळी चर्चा याच प्रश्नाभोवती फिरली.

आधी पगाराचं बघितलं, कारण ते सोपं होतं. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, आलेला खेळाडू साधारण सहा हंगाम त्याच संघाच्या ताब्यात असतो. पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास, म्हणजे २०२२ मध्ये ७ लाख डॉलर. मग आर्बिट्रेशनची (लवादाकडून पगार ठरवून घेता येण्याची) वर्षं, त्यात पगार झपाट्याने चढतो. त्यानंतर तो फ्री एजंट, जिथे जास्त मिळेल तिथे जायला मोकळा. सोटोला २०२२ साठी १ कोटी ७१ लाख मिळत होते आणि तो २०२४ संपेपर्यंत ताब्यात राहणार होता. उरलेला हंगाम आणि पुढची दोन वर्षं धरून आम्ही पगाराचा अंदाज केला सुमारे ६ कोटी डॉलर.

या पैशात काय मिळणार? त्या काळी अभ्यासक बाजारात विकत घेतलेल्या एका जादा विजयाची (साध्या बदली खेळाडूच्या तुलनेत मिळणाऱ्या) किंमत ८० लाख डॉलरच्या आसपास धरत. सोटो वर्षाला पाच-सहा जादा विजय मिळवून देणारा. सव्वादोन वर्षांत तेरा-चौदा विजय धरले तरी ११ कोटींचं काम ६ कोटींत होत होतं. म्हणजे ज्याला सगळे महागडा म्हणत होते, तो पगाराच्या मानाने स्वस्त होता. आमच्या सॅन डिएगोवाल्यांना इथेच आनंद झाला. त्या वर्षी लक्झरी टॅक्सची, म्हणजे ज्यापुढे पगारखर्चावर कर बसतो ती, मर्यादा २३ कोटींची होती आणि संघ तिच्या अगदी काठावर होता, पण ओलांडली तर वरच्या रकमेवर तीस टक्क्यांच्या आसपास कर. सोसण्यासारखा.

मग मी वॉशिंग्टनसाठी मागायच्या पॅड्रेसच्या पोरांची माझी यादी टेबलावर ठेवली.

सी. जे. अब्रम्स, २१ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक). मॅकेन्झी गोर, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. रॉबर्ट हॅसल, २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत घेतलेला. आणि जेम्स वुड. अब्रम्स आणि गोर त्याच वर्षी मेजर लीगमध्ये आले होते, म्हणजे दोघंही पुढची पाच-सहा वर्षं स्वस्तात हातात. वुड तर अजून खालच्या पातळीवरच्या मायनर लीगमध्ये होता, त्याची सहा वर्षं सुरूही झाली नव्हती. मला वॉशिंग्टनसाठी २०२२ चा संघ नकोच होता, तो तळाला गेलेलाच होता. मला २०२५ चा संघ हवा होता. या चौघांची मिळून वीस-पंचवीस वर्षं मागायची आणि एका माणसाची सव्वादोन द्यायची, असा हा सौदा. खरी किंमत तिथे होती.

समोरच्या दोघांपैकी एक सहकारी इथलाच, तीन पिढ्यांचा पॅड्रेसभक्त. तो बाकी तिघांवर तयार झाला, पण वुडचं नाव काढलं की गप्प व्हायचा. म्हणून आम्ही लेक एल्सिनोरला जाऊन वुडला बघून आलो. सॅन डिएगोच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावरचं, पॅड्रेसच्या मायनर लीगमधल्या संघाचं ते छोटं मैदान, संध्याकाळीसुद्धा अंगाची काहिली करणारं ऊन. वुड सहा फूट सात इंच उंच, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा, डावखुरा बॅटर. एवढ्या उंच पोराच्या हातांना लांबचा प्रवास असतो, त्यामुळे आतल्या चेंडूवर तो अडकायला हवा. मी तेच बघत होते. एक चेंडू त्याने उशिरा खेळला, जवळजवळ कॅचरच्या हातातून काढल्यासारखा, आणि तो डाव्या बाजूच्या कुंपणावर जाऊन आदळला. ताकद न लावता. सहकारी माझ्याकडे बघून म्हणाला, "हा मागू नकोस." मी तिथेच ठरवलं की वुडशिवाय सही करायची नाही.

आपल्याकडे पेरणीसाठी राखलेलं बियाणं दुष्काळातही खात नाहीत. मायनर लीगमधली पोरं म्हणजे संघाचं बियाणं, आणि छोट्या बाजारपेठेतल्या संघाला तर तेवढाच आधार. सॅन डिएगोचं टीव्हीचं मार्केट लॉस एंजेलिसच्या मानाने अगदी लहान. असं असताना एवढी पोरं एकदम द्यावीत का?

कागदावर बेरीज केली तर सरळ उत्तर येत होतं. नको. वॉशिंग्टनचं पारडं जड होतं. पण माझं मत उलटं झालं ते दोन कारणांनी. एक म्हणजे सगळे विजय सारख्या किमतीचे नसतात. साठ विजयांच्या संघाला पाच विजय वाढवून काही होत नाही. पंच्याऐंशीच्या संघाला तेच पाच विजय प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, नेतात. पॅड्रेस नेमके त्या उंबरठ्यावर होते. दुसरं म्हणजे वय. आमचा मॅनी मचाडो तिशीचा झाला होता, यू दार्विश छत्तिशीला टेकला होता, जो मस्ग्रोव्हला नुकतंच पाच वर्षांसाठी दहा कोटींना बांधलं होतं. ही सगळी मंडळी एकाच वेळी ऐन भरात असण्याची दोन-तीन वर्षंच हातात होती. वुड मोठा होईपर्यंत यांचा काळ संपला असता. बियाणं राखायचं ते पुढच्या पेरणीसाठी, पण इथे पीक आताच उभं होतं.

वॉशिंग्टनच्या खुर्चीत बसूनही माझा कौल पडला तो हा: सॅन डिएगोने हा सौदा करावा.

२ ऑगस्टला खेळाडूंच्या सौद्यांची डेडलाइन होती, आमच्या घड्याळाप्रमाणे दुपारी तीन. सकाळी सोटोच्या खऱ्याखुऱ्या सौद्याची बातमी आली आणि मध्येच अडकली. आमच्या एरिक हॉस्मरला वॉशिंग्टनला पाठवायचं ठरलं होतं, पण त्याच्या करारात काही संघांना नकार देण्याचा हक्क होता आणि वॉशिंग्टन त्या यादीत होतं. त्याने तो हक्क वापरला. त्याच्या जागी लूक वॉइट गेला आणि हॉस्मर बॉस्टनला. आमच्या यादीतले चारही जण गेले, वर हार्लिन सुसाना हा अठरा वर्षांचा तुफान वेगाचा पिचर. सोटोबरोबर जॉश बेल आला. ऑफिसात त्या दुपारी कोणाचंही काम झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आमचं मैदान, पेटको पार्क, ठासून भरलं होतं. पहिल्याच इनिंगमध्ये सोटो वॉक घेऊन, म्हणजे स्ट्राइक झोनबाहेरचे चार चेंडू सोडून, पहिल्या बेसवर गेला. ते बघणं म्हणजे एक शिक्षण आहे. चेंडू स्ट्राइक झोनच्या बोटभर बाहेरून जातो, तो बॅट जराही हलवत नाही, मग पाय फाकवून, जमिनीवर बूट घासत पिचरकडे रोखून बघतो. जणू सांगतो, मी बघितलाय तुझा चेंडू. त्याच इनिंगमध्ये ब्रँडन ड्रुरीने, पॅड्रेसकडून खेळलेल्या पहिल्याच चेंडूवर, ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, मारला.

त्या मोसमात सोटोची सरासरी सॅन डिएगोत ०.२३६ होती आणि लोक कुरकुरत होते. पण १५ ऑक्टोबरची रात्र मी विसरणार नाही. समोर १११ सामने जिंकलेले लॉस एंजेलिसचे डॉजर्स, पावसाने उशिरा सुरू झालेला प्लेऑफ मालिकेतला चौथा सामना, सातव्या इनिंगपर्यंत आम्ही ०-३. नोलाची एक धाव, किमच्या डबलवर दुसरी, आणि सोटोच्या सिंगलवर ३-३. मग क्रोनेनवर्थने दोन धावा आणल्या आणि डॉजर्स घरी गेले. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, १९८४ चे सामनेही बघितलेल्या. त्या रडत होत्या, आणि मीही. पुढे फिलाडेल्फियाने आम्हाला हरवलं. तरी हा सौदा ज्यासाठी केला होता, ते त्या रात्री मिळालं होतं असं मी आजही म्हणते.

२०२३ मध्ये मात्र ८२ विजय आणि प्लेऑफ नाही. "बघ, पोरं गेली आणि हाती काय आलं" असं मला खूप जणांनी ऐकवलं. मला ते पटत नाही. सोटो सगळे १६२ सामने खेळला, ३५ होम रन मारले, १३२ वॉक घेतले. संघाने दिलेल्या धावांपेक्षा १०४ धावा जास्त केल्या होत्या. हरला तो एका धावेच्या सामन्यांत, ९ विजय आणि २३ पराभव. जादा इनिंगच्या चौदा सामन्यांत फक्त दोन जिंकले. हे सोटोच्या माथी कसं मारणार?

खरा घाव दुसरीकडून आला. त्याच वर्षी संघाचे सामने दाखवणारी टीव्ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ते उत्पन्न हललं. नोव्हेंबरमध्ये मालक पीटर साइडलर गेले. छोट्या शहरानेही मोठं स्वप्न बघावं असं मानणारा आणि त्यासाठी खिशात हात घालणारा माणूस होता तो. स्टेडियमबाहेर लोकांनी फुलं ठेवली, मीही ठेवून आले.

डिसेंबरमध्ये सोटोला यँकीजकडे पाठवलं. त्याचा २०२४ चा पगार ३ कोटी १० लाखांवर जाणार होता आणि वर्षाअखेरीस तो मोकळा होणार होता. या दुसऱ्या सौद्याकडे लोकांचं पुरेसं लक्ष जात नाही. मायकल किंग आला आणि पुढच्या हंगामात नऊ इनिंगमागे २.९५ धावा देण्याच्या सरासरीने २०१ स्ट्राइकआउट (स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) घेऊन गेला. ड्रू थॉर्प आला, त्याला मार्चमध्ये पुढे देऊन डिलन सीस आणला, आणि सीसने २५ जुलै २०२४ ला नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देणारा सामना, टाकला, तोही वॉशिंग्टनच्याच मैदानात. संघ ९३ सामने जिंकला. सोटो पुढे मेट्सकडे १५ वर्षांच्या ७६.५ कोटींच्या करारावर गेला. ती रक्कम आम्हाला कधीच झेपली नसती, आणि हे २०२२ मध्येच माहीत होतं. म्हणून महागडा खेळाडू आणताना त्याच्या शेवटच्या वर्षाचं काय करायचं, तोही हिशेब आणतानाच मांडायला हवा.

वॉशिंग्टनला काय मिळालं? वुड २०२५ मध्ये ऑल-स्टार (मोसमातल्या निवडक खेळाडूंपैकी एक) झाला, ३१ होम रन मारले. गोरही ऑल-स्टार, अब्रम्स त्याच्या आदल्या वर्षी. माझी यादी खोटी ठरली नाही. आणि तरी त्या मोसमात वॉशिंग्टनने ९६ सामने गमावले, जुलैमध्ये जनरल मॅनेजर आणि मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) दोघांनाही काढलं. चांगली पोरं जमवली तरी त्यांच्याभोवती संघ उभारावा लागतो, आणि ते काम ट्रेडने होत नाही.

३१ जुलै २०२५ ला प्रेलरनी पुन्हा तोच खेळ केला. अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप लिओ डी व्हरीस आणि तीन पिचर देऊन ॲथलेटिक्सकडून मेसन मिलर आणि जे. पी. सियर्स घेतले. मिलर ताशी १०४ मैलांचा चेंडू टाकतो आणि २०२९ पर्यंत ताब्यात आहे, सौद्याच्या वेळी पगार चढलेला नव्हता. म्हणजे सोटोच्या वेळची वर्षांची टंचाई इथे नाही, पण तो इनिंग दीड इनिंग टाकणारा रिलीव्हर आहे, रोज खेळणारा बॅटर नाही. मी जुना तक्ता उघडून आकडे भरले. माझ्या हिशेबात हा सौदा सोटोच्या सौद्यापेक्षा महाग निघतो, आणि यावेळी माझा सहकारी सौद्याच्या बाजूने आहे, मी विरुद्ध.