मृगबहार : मे महिन्याची नोंद

"काका, मी कायनं मेली?"

पुतणीनं विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा वर्षांची पोर, शाळेला सुट्ट्या लागलेल्या, मी बनवत असलेल्या गेमच्या पहिल्या लेव्हलच्या मध्यापर्यंत तिन्ही लाइफ राखून आली होती. मोकळ्या जागेत उभं असलेलं यान अचानक फुटलं. मी इम्युलेटर (लॅपटॉपवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) थांबवला आणि एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, मागे नेली. गोळी होती. मेमरीत होती, टक्कर तपासणाऱ्या कोडला ती दिसत होती. फक्त पडद्यावर नव्हती.

पूर्ण मे महिना त्या एका प्रश्नात गेला, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. खेळणारा स्वतःच्या चुकीनं मेला तर तो पुन्हा खेळतो. न दिसलेल्या गोळीनं मेला तर तो कंट्रोलर खाली ठेवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मृगबहार हा खालून वर उडत जायचा यानाचा गेम आहे. नव्वदीच्या दशकात आपण ज्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो, कॅसेट घालून खेळायचो, त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या जातीच्या मशीनसाठी मी तो असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, लिहितोय. प्रोग्रॅमला ३२ केबी, चित्रांना ८ केबी, रॅम २ केबी. मला गॅलागा या जुन्या गेमसारखं (१९८१) काळं आकाश नको होतं, मासानोबु एन्दो यांच्या झेवियससारखी (१९८३) खालून सरकणारी जमीन हवी होती. काळ्या आकाशावर गोळी आपोआप उठून दिसते. जमीन आणली की प्रत्येक गोळीसाठी भांडावं लागतं, हे मला आता कळतंय.

हरवलेल्या गोळीचं कारण तसं जुनंच आहे. या मशीनला पडद्यावर एकूण ६४ स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) दाखवता येतात, पण एका आडव्या ओळीत फक्त ८. माझं शत्रूचं यान १६ पिक्सेल रुंद, म्हणजे ओळीत २ स्प्राइट. चार यानं शेजारी शेजारी आली की आठ भरले, नववा गायब. कोण गायब व्हायचं ते यादीतला क्रम ठरवतो: जो आधी, तो राहतो. मी यादीत आधी खेळाडूचं यान, मग शत्रू, मग स्फोट आणि सगळ्यात शेवटी गोळ्या लिहीत होतो. कारण गोळ्यांचं कोड मी सगळ्यात शेवटी लिहिलं होतं. दुसरं काहीच कारण नव्हतं.

आता क्रम उलटा आहे. गोळ्या पहिल्या, मग आपलं यान, मग शत्रू, स्फोट शेवटी. शत्रूंची सुरुवात दर फ्रेमला बदलते, त्यामुळे गर्दीत ते लुकलुकतात पण कुणी कायमचं नाहीसं होत नाही. गोळ्या मात्र अजिबात फिरवत नाही. लुकलुकणारं शत्रूचं यान चालेल, लुकलुकणारी गोळी नाही. शिवाय थवा सरळ रेषेत न आणता बगळ्यांसारखा बाकदार आणतो. एकाआड एक यान १६ पिक्सेल वरखाली असलं की ओळीतली गर्दी निम्म्यावर येते, आणि उडतानाही तो थवा जास्त जिवंत दिसतो.

स्क्रोलची, म्हणजे जमीन सरकवण्याची, भानगडही मिटली. नेमटेबल (जमिनीच्या चित्राचा तक्ता) ३० ओळींचं, म्हणजे उंची २४० पिक्सेल, पण स्क्रोल मोजणारा बाइट ० नंतर खाली गेला की २५५ वर जातो. मधल्या १६ आकड्यांत मशीन रंगांची माहितीच चित्र समजून काढतं आणि वरच्या कडेला कचऱ्याची पट्टी येते. शून्यानंतर थेट २३९ आणि सोबत नेमटेबलची अदलाबदल, एवढाच इलाज. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनो, उभ्या स्क्रोलला मिररिंग (तेच नेमटेबल कोणत्या दिशेनं पुन्हा दिसतं ते) आडवं लागतं. नावाला फसू नका, माझे दोन दिवस त्यातच गेले.

आता जमिनीविषयी, कारण या महिन्यात मला सगळ्यात जास्त आनंद तिनं दिला.

पहिली लेव्हल संत्र्याच्या बागेवरून जाते. काटोलकडे मामाजींची बाग आहे आणि लहानपणापासून ते दृश्य डोक्यात आहे. झाडाची टाइल (जमीन रचायचा चौकोनी तुकडा) मी १६ बाय १६ पिक्सेलची केली, कारण रंगांचा चौकोनही तेवढाच असतो, आणि झाडाला झाड चिकटवून पूर्ण पडदा भरला. दाट हिरवं, मध्ये मध्ये दोन दोन पिक्सेलची केशरी फळं. मला फार आवडलं होतं. एका लग्नासाठी मामाजी नागपूरला आले तेव्हा लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाले, "काहून रे, हे झाडं इतके चिपकून काहून लावले? ट्रॅक्टर कुठून जाईन?"

संत्र्याची लागवड सहा बाय सहा मीटरवर असते. झाडाएवढीच मोकळी जागा मध्ये सुटते. मी त्याच रात्री बाग पुन्हा लावली: १६ पिक्सेल झाड, १६ पिक्सेल माती, आडवी आठ झाडं. आणि गोळ्या दिसायला लागल्या! तपकिरी पट्ट्यातून गोळी जाते तेव्हा डोळा तिला पकडतो आणि झाडावरून पुढच्या पट्ट्यापर्यंत सोडत नाही. दाट हिरव्यात पानं, सावली, गोळी सगळं एकच होऊन जात होतं.

फळांचं मात्र अवघड होतं. पुतणी फळांनाच गोळ्या समजून चुकवत होती, तरी मला ती काढवत नव्हती. संत्र्याच्या बागेत संत्री नाहीत म्हणजे काय! तोही प्रश्न मामाजींनीच सोडवला. गेमचं नाव त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मृगात संत्र केशरी कुठून राहीन? तवा तं झाडाले फूल राहते." खरंच आहे. मृगबहाराचा फुलोरा जून-जुलैत, तोडा फेब्रुवारी-मार्चमध्ये. नाव मी मृग नक्षत्र आणि बाग दोन्ही मनात धरून ठेवलं होतं, तरी हे सुचलं नाही. फळं काढली. फुलं पांढरी, तीही गोळ्यांसारखी दिसतील म्हणून ठेवली नाहीत. केशरी रंगाची जागा मोकळी झाली, ती मातीच्या फिकट छटेला दिली.

शेवटचं काम खऱ्या मशीनवर. ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवायच्या चिप) भरले, कॅसेट जोडली, काकांकडचा १४ इंची जुना टीव्ही नागपुरातल्या महाल भागातून स्कूटरवर मांडीत धरून आणला. दिवसा काही जमेना. कूलर सुरू झाला की पडद्यावर आडव्या रेघा, आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद ठेवायला घरात कोण सांगणार? रात्री साडेअकरानंतर, कूलर बंद करून, घाम पुसत चाचणी केली.

लॅपटॉपवर लालभडक दिसणारी गोळी टीव्हीवर तपकिरी मातीत विरघळलेली. अँटेनाच्या वायरीतून लाल रंग पसरतो, त्यात चार पिक्सेलची गोळी म्हणजे नुसता डाग. म्हणून आतला गाभा पांढरा केला, कडा गडद, आणि दर ४ फ्रेमला गाभ्याची छटा बदलते. पांढरा हा उजेडाचा फरक आहे, तो जुना टीव्हीसुद्धा नीट दाखवतो. दुसरं, आपल्याकडची मशीन सेकंदाला ५० फ्रेम काढतात आणि मी ६० धरून बसलो होतो. सगळा गेम एक षष्ठांश मंद चालत होता. फ्रेममागे १.५ पिक्सेल जाणारी गोळी आता १.८ जाते. एका पिक्सेलचे २५६ भाग धरले तर ३८४ च्या जागी ४६१. आता हाताला बरोबर वाटतं.

काल रात्री पुतणी टीव्हीसमोर बसली. बागेच्या शेवटच्या रांगेपाशी मेली, "अरे!" म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत स्टार्ट दाबलं.

दुसरी लेव्हल नागपूरच्या अंबाझरीसारख्या तलावावरून जाणार आहे. पाण्यावरची चमक पांढरी आहे आणि गोळीचा गाभाही. जूनमध्ये आधी तेच हातात घेणार.